अतिदक्षता विभागात सहा खाटा वाढल्या, हात किती वाढले?

प्रति,
मा. अधिष्ठाता आणि अभ्यागत मंडळाचे सर्व सदस्य,
आमच्या जिल्ह्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात पेपरात फोटो पाहिला. फीत, कात्री, मागे कोरे मॉनिटर, त्यांच्या काचेवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही. अपघात अतिदक्षता विभागातल्या दहा खाटांच्या सोळा झाल्या, अशी बातमी होती. मी ती दोनदा वाचली. परिचारिकांची पदं किती वाढली ते शोधत होते, ते कुठेच नव्हतं. मग तिथे ड्यूटी करणाऱ्या एकीला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, पदं कसली वाढताहेत? दोन कंत्राटी मुली होत्या, त्यांचीही मुदत मार्चमध्ये संपली. नाइटला आम्ही तिघीच असतो."

हे पत्र त्यावर आहे. ते तुमच्या टपालात टाकलंय आणि लोकांनीही वाचावं म्हणून इथेही देतेय, कारण त्या खाटांवर उद्या कोण झोपणार आहे हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही.

आधी माझी ओळख. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, दुसऱ्या जिल्ह्यात. शेवटची अकरा वर्षं अतिदक्षता विभागाची परिसेविका होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आणि या जानेवारीत माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तुमच्या विभागात पाच नंबरच्या खाटेवर चोवीस दिवस होता. वॉर्डात आपण आयाबाईंना मावशी म्हणतो. दारावरचा सुरक्षारक्षक मला "ओ मावशी, आत नाही जायचं" म्हणाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आता मी या दाराच्या बाहेरची आहे.

भाच्याचं वय सव्वीस. रात्री साडेदहाला सेकंड शिफ्ट संपवून बाइकवरून घरी येत होता. उसाचा हंगाम. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यावरच उभी, मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, ना साधं गोणपाट लटकवलेलं. उजवी मांडी मोडली, डाव्या बाजूच्या चार बरगड्या, आत फुप्फुसाला मार, प्लीहा (पानथरी) फाटलेली, डोक्याला हेल्मेटमुळे कमी. डॉक्टर याला पॉलिट्रॉमा म्हणतात. म्हणजे एकेक इजा सुटी पाहिली तर बरी होण्यासारखी, पण सगळ्या एकदम आल्या की शरीराला कुठे कुठे लढावं ते कळत नाही.

जे चांगलं झालं ते आधी सांगते, नाहीतर ही बाई नुसती तक्रार करायला बसलीय असं वाटेल. १०८ आली. ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी माझ्या भाच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल, पण त्या पोराने डोकं शांत ठेवलं. रक्तस्राव रोखायला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिलं, ते तीन तासांच्या आत. (२०१० मध्ये ४० देशांतल्या वीस हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या क्रॅश-२ अभ्यासाने या स्वस्तातल्या इंजेक्शनचं मोल दाखवलं, आणि उशीर झाला तर ते उलटू शकतं हेही नंतर त्यातूनच कळलं.) ओले कपडे कापून काढले, दोन ब्लँकेटं गुंडाळली. रक्त गेलेलं शरीर थंड पडलं की रक्त गोठेनासं होतं, त्यात रक्तातलं आम्ल वाढतं, आणि हे तिन्ही एकमेकांना धरून माणसाला खाली ओढतात. ब्लँकेट हे तिथे औषधच असतं. तुमच्या सर्जननी रात्रीच प्लीहा काढली, छातीत नळी टाकली. अस्थिरोगवाल्यांनी मांडीत लगेच रॉड घालण्याचा मोह टाळला आणि बाहेरून सळ्यांचा फिक्सेटर लावून थांबले. आधीच मार खाल्लेल्या शरीराला दुसरा धक्का द्यायचा नाही, हा शहाणपणाचा निर्णय होता. माझ्या बहिणीला मी त्या पहाटे सांगितलं, "वाचला."

चुकलं माझं. अतिदक्षता विभागातल्या बाईने तरी असं पहाटे बोलू नये.

अपघाती मृत्यू तीन टप्प्यांत येतात, असं अमेरिकन सर्जन डोनाल्ड ट्रंकी यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं. पहिला टप्पा रस्त्यावरच. दुसरा पहिल्या काही तासांत, रक्तस्रावाने किंवा डोक्याच्या मारामुळे. तिसरा काही दिवसांनी, काही आठवड्यांनी, जंतुसंसर्ग आणि एकेक अवयव बंद पडत जाऊन. जिथे व्यवस्था नीट बसली तिथे हा तिसरा टप्पा पुढे बराच ओसरला. आपल्याकडे आपण सगळे पैसे, सगळे फोटो, सगळी भाषणं पहिल्या दोन टप्प्यांवर खर्च करतो. 'गोल्डन अवर' आता रिक्षावाल्यालाही माहीत आहे. नवव्या दिवसाला मात्र नावच नाही.

सरकारी योजनांचंही तसंच. राज्य मंत्रिमंडळाने २०२० मध्ये अपघात विमा योजनेला मान्यता दिली, ती पहिल्या ७२ तासांसाठी. केंद्राची रस्ते अपघातग्रस्तांसाठीची विनारोकड उपचार योजना मे २०२५ मध्ये आली. त्यात दीड लाखांपर्यंत, अपघातापासून सात दिवस. योजना चांगलीच आहे. पण ज्या दिवशी ती संपते, साधारण तिथूनच माझ्या भाच्याचा खरा आजार सुरू झाला. ते तुमच्या हातात नाही, मान्य. खाली जे लिहितेय ते तुमच्या हातात आहे.

तिसऱ्या दिवशी त्याचा ऑक्सिजन एकदम उतरला. छातीवर आणि पापणीच्या आत मोहरीएवढे लाल ठिपके. मांडीच्या हाडातली चरबी रक्तात उतरून फुप्फुसात अडकते, ते. याचा दोष मी कोणाला देत नाही. मोठं हाड मोडलं की एक ते तीन दिवसांत हे होऊ शकतं. तुमच्या निवासी डॉक्टर मुलीने ते ठिपके बघून लगेच ओळखलं आणि दोन दिवस ती घरी गेली नाही. काही गुंतागुंती अपघाताच्या असतात आणि काही आपल्या. माझी तक्रार दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

खाट. मला आत दहा मिनिटं मिळायची, संध्याकाळी. पहिल्याच दिवशी पाहिलं, पोरगा सपाट झोपवलेला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर हवं, नाहीतर पोटातलं आणि तोंडातलं घशात साचून ट्यूबच्या कडेने फुप्फुसात उतरतं. हे प्रशिक्षणार्थी मुलीलाही पाठ असतं. सिस्टरला विचारलं, तिने खाली वाकून दाखवलं. खाटेचं हँडल तुटलेलं. दुरुस्तीचं पत्र ऑगस्टमध्ये गेलंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी बहिणीच्या अंगणातल्या दोन विटा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणल्या. सुरक्षारक्षकाने पिशवी उघडायला लावली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे रुग्णालयात कोणी संशयाने पाहिलं. शेवटी वॉर्डबॉय मामांनी आणि दोन सिस्टरनी मिळून खाटेची डोक्याकडची बाजू उचलली आणि विटा खाली सरकवल्या. तोवर चौथा दिवस उजाडला होता. सहाव्या दिवशी ताप, ट्यूबमधून हिरवट-पिवळा घट्ट कफ. कफाच्या कल्चरमध्ये ॲसिनेटोबॅक्टर, औषधांना सहज दाद न देणारा जंतू. कोलिस्टिन सुरू झालं. मूत्रपिंडाला जड जाणारं हे औषध, दुसरं काही चालेना म्हणून द्यायचं.

विटा पहिल्या दिवशी असत्या तर न्यूमोनिया झालाच नसता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बरगड्या मोडलेल्या, फुप्फुस आधीच दुखावलेलं. पण दहा रुपयांच्या टूथब्रशने दिवसातून दोन-तीनदा दात घासणं, ट्यूबच्या फुग्यातला दाब मोजणं, गुंगीचं औषध रोज थोडा वेळ थांबवून 'आता ट्यूब काढता येईल का' बघणं, आणि डोकं वर ठेवणं, हे सगळं केलं तर न्यूमोनिया कमी होतो. त्यातली किती कामं रोज झाली? तुमच्या कागदांवर सगळी झाली.

त्या कागदांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. पायाशी चार्ट लटकवलेला असतो, त्यात दर दोन तासांनी कूस बदलल्याची टिक. मी तो चार्ट पाहिला. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत सात टिका, एकाच शाईच्या, एकाच तिरक्या हाताच्या, शेवटची दोन तासांनंतरची. म्हणजे सहा वाजता आठची टिक झालेली. मी ती टिक ओळखते. मीही केलेली आहे. तुमच्यापैकी जे कोणी चार्ट तपासता, तुम्हालाही ती ओळखू येते, आणि तपासणीला समिती येते तेव्हा आपण सगळे तिच्याकडे बघून माना डोलावतो.

ती मुलगी खोटारडी आहे का? हिशेब करा. व्हेंटिलेटरवरचा, छातीत नळी आणि मांडीला फिक्सेटर असलेला माणूस कुशीवर वळवायचा तर दोघी वळवायला लागतात आणि तिसरी ट्यूब धरायला. पाठ बघायची, पुसायची, चादर ताणायची, मागे उशी लावायची, नळ्या परत जागेवर. दहा मिनिटं धरा. दहा रुग्णांना शंभर मिनिटं. म्हणजे दर दोन तासांतली शंभर मिनिटं तिघींनी फक्त कुशी बदलायच्या. सक्शनने कफ ओढणं, औषधं, तासातासाची लघवी मोजणं, रक्तपेढीला माणूस पाठवणं, नवा रुग्ण घेणं, पुढच्या पाळीला ओव्हर देणं, हे सगळं उरलेल्या वीस मिनिटांत. आता सोळा खाटा. एकशे साठ मिनिटं. दोन तासांत एकशे वीसच असतात, ती फीत कापून वाढत नाहीत.

नवव्या दिवशी मी चादर उचलली. माकडहाडावर रुपयाएवढा काळपट डाग, कडा लाल. बोटाने दाबलं तर पांढरा होईना. पुढच्या चार दिवसांत तो तळहाताएवढा झाला. खाली हवेची गादी होती की नाही? होती. तिचा पंप खाटेला अडकवलेला होता, वायर गुंडाळून. पाच नंबरला भिंतीत चारच प्लग आहेत. व्हेंटिलेटर, मॉनिटर, दोन सिरिंज पंप. गादीला जागा नाही. एक्स्टेंशन बोर्ड लावायला मनाई आहे, आगीच्या भीतीने, आणि ती भीती खोटी नाही. टाचांखाली सिस्टरनी ग्लोव्हमध्ये पाणी भरून ठेवलं होतं. त्याने दाब फारसा कमी होत नाही, आपल्यालाही माहीत आहे. पण ज्या मुलीने ते केलं तिला मी नावं ठेवणार नाही. तिच्याकडे तेवढंच होतं.

भाच्याच्या त्या जखमेवर मे महिन्यात फ्लॅपचं, म्हणजे शेजारचं कातडी-मांस सरकवून जखम झाकायचं, ऑपरेशन झालं. मांडीचं हाड तोवर जुळून आलं होतं. लोक विचारतात, "अपघातातून बरा झाला ना?" काय सांगणार, अपघातातून केव्हाच बरा झाला.

अकराव्या दिवशी डावी पोटरी सुजली. मोडलेला पाय उजवा. सोनोग्राफीत शिरेत गाठ. आता हे ऐका. रक्तस्राव थांबल्यावर रक्त न गोठण्याचं इंजेक्शन सुरू करायचं असतं, आणि कधी सुरू करायचं याचा निर्णय अवघड असतो, हे मान्य. पण इथे निर्णय चुकला नव्हता. निर्णय झालाच नव्हता. सर्जरीच्या राउंडला लिहिलं, "अस्थिरोग विभागाचं मत घ्यावं." अस्थिरोगने लिहिलं, "सर्जरीची हरकत नसल्यास." न्यूरोवाल्यांनी सातव्या दिवशी "आमच्याकडून हरकत नाही" लिहिलं, ते कोणी वाचलं नाही. भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटर बघत होते. चार विभागांच्या चार सह्या, आणि मधे एक मुलगा. टोरंटोच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये असं औषध न दिलेल्या ३४९ गंभीर जखमींच्या पायांच्या शिरा तपासल्या होत्या, त्यात २०१ जणांमध्ये गाठी सापडल्या. निम्म्याहून जास्त. तीच गाठ सुटून फुप्फुसात गेली असती तर तुम्ही मला "अचानक हृदयक्रिया बंद पडली" म्हणाला असता आणि मीही मान हलवली असती.

बहुविध इजा झालेल्या रुग्णाला पाच विभाग असतात आणि मालक एकही नसतो. आमच्याकडे म्हण आहे ना, बारभाईंचं कारस्थान. तेच.

मग हात बांधणं. बाराव्या रात्रीपासून तो भ्रमिष्ट झाला. छतावर ट्रॉली दिसते म्हणायचा, हाताने. ट्यूब होती, आवाज कुठला. नाकातली नळी एकदा ओढून काढली. तेव्हा गॉज बँडेजने दोन्ही मनगटं खाटेला बांधली. तीन दिवस. मनगटावरचे वळ मी पाहिले. ट्यूब उपटली तर जीव जाऊ शकतो, म्हणून कधी कधी बांधावं लागतं, हे मी बत्तीस वर्षं केलंय. पण बांधलेला माणूस आणखी बिथरतो. त्याला दिवस-रात्र कळायला हवी, झोप हवी, दुखणं कमी हवं, ओळखीचा आवाज हवा. त्या खोलीत खिडकी नाही, घड्याळ बंद, दिवे चोवीस तास. आणि आई बाहेर बाकड्यावर, दिवसाला दहा मिनिटं. बहिणीने तेरा दिवसांत त्याला जेमतेम दोन तास पाहिलं. तिला एकदा अर्धा तास त्याच्या कानाशी बसू दिलं असतं तर कदाचित एका औषधाचा डोस वाचला असता.

फिजिओथेरपिस्ट एक. सर्जरी, मेडिसिन आणि अस्थिरोग मिळून एक. रविवारी सुट्टी, आणि का नसावी. चोवीस दिवसांत भाच्याला ते सात वेळा भेटले. ट्यूब निघाली तेव्हा त्याला पाण्याचा ग्लास उचलता येत नव्हता. डाव्या पावलाला अजूनही पट्टा लावून चालतो.

एक गोष्ट तर दोन मिनिटांची होती. प्लीहा काढलेल्या माणसाला काही विशिष्ट जंतूंपासून आयुष्यभर धोका असतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लशी लागतात, तातडीचं ऑपरेशन असेल तर साधारण दोन आठवड्यांनी. आणि नातेवाइकांना सांगायचं असतं की याला ताप आला तर गोळी देऊन घरी झोपवायचं नाही, लगेच दवाखाना. डिस्चार्ज कार्डावर यातलं एक अक्षर नव्हतं. "जड उचलू नये" होतं. मी सिस्टर आहे म्हणून लशी झाल्या. ज्यांच्या घरात सिस्टर नाही त्यांचं काय?

शेजारी सहा नंबरला एक सेंट्रिंग कामगार होता. तिसऱ्या मजल्यावरून पडलेला. त्याची बायको आणि मी बाहेर एकाच बाकड्यावर. तिला मराठी येत नव्हती, मला तिची भाषा येत नव्हती. तिने मला तिच्या डब्यातली ज्वारीची भाकरी दिली, मी तिला माझ्या थर्मासमधला चहा. त्याचंही तसंच झालं. न्यूमोनिया, मग रक्तात जंतू, मग मूत्रपिंड, मग रक्तदाब राहीना. एकोणिसाव्या दिवशी गेला. नोंद झाली: उंचावरून पडल्याने बहुविध इजा.

खोटं नाही ते. पण अपुरं आहे, आणि माझा खरा राग इथे आहे. एकोणीस दिवसांत तुमच्या विभागात त्याला जे जे झालं ते त्या एका ओळीखाली गाडलं गेलं. ती नोंद पोलिसांकडे गेली, तिथून आकड्यांत. रस्ते अपघातांच्या आकड्यांचंही तसंच. २०२२ मध्ये देशात त्यांत १,६८,४९१ माणसं गेल्याचं सरकारी आकडे सांगतात, त्यातली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. त्यातली किती रस्त्यावर गेली आणि किती बाराव्या, विसाव्या दिवशी आपल्या खाटांवर, हे तो आकडा सांगत नाही. सगळं ट्रॉलीवाल्याच्या नावावर. ट्रॉलीवाला दोषी आहेच, पण आपले हिशेब त्याच्या खात्यावर का टाकायचे?

म्हणून मागण्या. आवाज न चढवता लिहितेय.

सहा नव्या खाटांवर व्हेंटिलेटरचे रुग्ण घेऊ नका, जोवर प्रत्येक पाळीत व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका हा निकष पूर्ण होत नाही. तुम्ही म्हणाल, मग रुग्ण पाठवायचे कुठे? रास्त प्रश्न आहे, आणि त्यावर मी बरेच दिवस विचार केलाय. त्या सहा खाटा व्हेंटिलेटर निघालेल्या, पण वॉर्डात सोडता न येणाऱ्या रुग्णांसाठी वापरा. त्यांना देखरेख लागते, पण इतके हात लागत नाहीत. तुमच्या दहा खाटांतल्या दोन-तीन अशा रुग्णांनीच अडलेल्या असतात, मी पाहिल्यात. आणि गेलेल्या दोन कंत्राटी मुलींना परत घ्या. त्यांना काम येत होतं. प्रतिनियुक्तीवर बाहेर पाठवलेल्या सिस्टरही परत बोलवा. नियोजन समितीच्या निधीतून यंत्रं घेता येतात आणि पदं भरता येत नाहीत, हे कारण मी नोकरीत असताना पुरेसं ऐकलंय. पदांचा प्रस्ताव मंत्रालयात कोणत्या तारखेला गेला, त्याचा जावक क्रमांक तरी लोकांना सांगा.

बहुविध इजा असलेल्या प्रत्येक रुग्णाला एक डॉक्टर मालक द्या. नाव खाटेवर लिहा. बाकीचे विभाग मत देतील, निर्णय तो घेईल. त्याने रोज सकाळी एकाच कागदावर उत्तरं द्यायची: डोकं वर आहे का, ट्यूब आज काढता येईल का, पाठ कोणी पाहिली, गाठ न होण्याचं औषध सुरू केलं का आणि नसेल तर का नाही, लघवीची आणि मानेतली नळी अजून हवी आहे का, पोटात अन्न गेलं का. सहा प्रश्न, पाच मिनिटं.

मोजा. महिन्याला किती जणांना व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया झाला, किती जणांना पाठीला जखमा, किती जणांच्या शिरांत गाठी, आणि ते आकडे विभागाच्या दाराबाहेर लावा. पहिले सहा महिने आकडे वाईट दिसतील. दिसू द्या. जखम नोंदवली म्हणून सिस्टरला मेमो देऊ नका, नाहीतर पुन्हा सगळ्या टिका एकाच शाईच्या होतील. मृत्यूंच्या आढावा बैठकीत 'बहुविध इजा' एवढ्यावर फाइल बंद करू नका.

नातेवाइकांना दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास आत येऊ द्या, हात धुवून, गाऊन घालून, एका वेळी एक. आणि रोज ठरलेल्या वेळी कोणीतरी डॉक्टरने बसून बोलावं. उभ्याने, चालता चालता नको.

प्लीहा काढलेल्या प्रत्येकाला मराठीत छापलेलं कार्ड, आणि लशी रुग्णालयातूनच.

प्रत्येक खाटेला किमान दहा प्लग. तुटलेली हँडलं, बंद घड्याळं. यासाठी मंत्रालय लागत नाही. तुमच्या सहीवर होतं.

दुसऱ्या फिजिओथेरपिस्टबद्दल वेगळं लिहीत नाही, ते तुम्हाला स्वतःलाच माहीत आहे.

माझी कोणत्याही सिस्टरविरुद्ध, कोणत्याही निवासी डॉक्टरविरुद्ध तक्रार नाही. या पत्रावरून कोणाला चौकशीला बोलावलं तर मी आधी त्यांच्या बाजूने उभी राहीन. चार्टच्या टिकांबद्दल चौकशीच करायची असेल तर माझ्या बत्तीस वर्षांपासून सुरू करा.

अभ्यागत मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला पंधरा मिनिटं द्यावीत, ही विनंती. भाच्याच्या केस पेपरच्या प्रती अर्ज करून घेतल्या आहेत, त्या सोबत आणेन. उत्तर महिनाभरात लेखी मिळावं. नाही मिळालं तर पुन्हा लिहीन, आता मला वेळच वेळ आहे.

आपली नम्र,
एक सेवानिवृत्त परिसेविका, पाच नंबरच्या मुलाची मावशी

ता. क. त्या दोन विटा अजून पाच नंबरच्या खाटेखालीच आहेत, असं कळलं. हँडल दुरुस्त होईपर्यंत राहू द्यात. झालं की मामांना काढायला सांगा. परत पाठवायची गरज नाही.